पाहुणा एक आणि पाहुणा तीन

मित्रांनो, मी एक कुलूप आहे. जुनं म्हणावं इतकं माझं वय झालेलं नाही. अंगावरचा काळा रंग अजून चकचकीत आहे आणि आकड्यांची बटणं अजून झिजलेली नाहीत. पण दार सांभाळणाऱ्याचं वय वर्षांत मोजू नये असं मला वाटतं. त्यानं किती जणांना आत घेतलं आणि कुणाला परत पाठवलं, यावर ते मोजावं. तसं पाहिलं तर मी चांगलाच म्हातारा आहे.

कुलूप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पितळी पोट आणि किल्ली येत असेल. मला किल्ली नाही. मला दहा आकडे आहेत, दोन दिवे आहेत आणि पोटात चार सेल आहेत. ज्याचा कोड माझ्यात घातलेला असतो, त्यानं तो दाबला की मी 'टीं' करतो, हिरवा दिवा लावतो आणि उघडतो. कोड चुकला की 'टूं टूं' करून लाल दिवा लावतो. लागोपाठ तीनदा चुकला तर भोंगा वाजवतो, आणि मग बराच वेळ माझी बटणं कुणाचंच ऐकत नाहीत. मला दोन तोंडं आहेत. एक बाहेर गल्लीकडे, एक आत घराकडे. त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू येतं, आणि बोलता मात्र 'टीं' आणि 'टूं' यापलीकडे काही येत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं आई-बाप नसतात, सरकता पट्टा असतो. त्या पट्ट्यावरून आम्ही असंख्य भावंडं एकामागून एक पुढे जात होतो. कुणी आमच्यात तारा बसवल्या, कुणी दिवे बसवले. अगदी शेवटी एक मुलगी प्रत्येकाची सगळी बटणं दाबून पाहायची. माझ्या अंगाला लागलेली ती पहिली बोटं. तिनं मला दाबलं, मी हिरवा झालो, ती दमलेलं हसली आणि पुढच्याकडे वळली. मग खोका, थर्माकोल आणि अंधार.

तो अंधार संपला तो संगमनेरला. नाशिक-पुणे रस्त्यापासून जरा आत एक कॉलनी आहे. तिथल्या एका बैठ्या घराच्या दारावर पितळी पाटी होती, 'आबासाहेब गुंजाळ'. आबासाहेब दूध संघात नोकरीला होते. मी आलो तेव्हा ते गेलेले होते, पण पाटी कुणी काढली नव्हती. घरात त्यांच्या पत्नी, रतनबाई, एकट्या राहायच्या. मुलगा पार्थ पुण्याला.

रतनबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती. काठी घेऊन चालायच्या, पण कुणी आलं की दरवेळी उठून दार उघडणं त्यांना जड जायचं. म्हणून पार्थनं मला आणलं. येणारानं आकडे दाबावेत, आत यावं, आईला उठायला लागू नये, एवढीच त्याची इच्छा. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढचं ऐकल्यावर तुम्हाला त्या मुलाचा राग येईल. तो येऊ देऊ नका. मी त्या घरी आलो तो मायेपोटीच आलो.

मला बसवायला आलेल्या माणसानं दाराला भोकं पाडायला सुरुवात केली तशा रतनबाई खुर्चीतूनच ओरडल्या, "दादा, सागवानी हाय बरं का दार. जपून."

"आजी, आता बिनघोर राहा. चोराला शिवता येनार न्हाई तुमच्या दाराला."

"चोर काय न्यायचा माझं? गुडघे? ते बी आता बदलून घेतल्यात." मग जरा वेळानं त्या स्वतःशीच म्हणाल्या, "तिकडं शिंगनापुरात घरांना दारंच न्हाईत, आन आमच्या दाराला मोबाईल लागला."

माझ्या आधी तिथं एक साधी कडी होती. दिवसा सागवानी दार उघडंच असायचं आणि बाहेरच्या जाळीच्या दाराला आतून ही कडी. समोरच्या घरातली शमशाद दुपारी यायची, जाळीतून हात आत घालायची, कडी काढायची आणि आत. तिनं या घराची बेल कधी वाजवली नव्हती. मी आलो, दार आपोआप मिटणारं झालं आणि कडी काढून खिडकीत ठेवली गेली. ती अजून तिथं आहे. आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. तिनं काय बोलावं माझ्याशी?

शमशादच्या नवऱ्याचं, शमशेरभाईंचं, बसस्टँडच्या बाजूला ट्रॅक्टर-टेम्पोच्या सीट कव्हरचं दुकान. ती स्वतः घरी मशीनवर ब्लाऊज, परकर शिवायची. दुपारी मशीन थांबलं की इकडे. दोघींचा चहा, दोघींची सीरियल, दोघींच्या गुडघ्यांची चौकशी. गेली कित्येक वर्षं, शमशादची लेक इन्शा लहान होती तेव्हापासून, हे असंच चाललेलं.

पार्थनं कोड घालायला घेतले. तो मोबाईलवरून घालत होता. कपाटावर एक पांढरी डबी ठेवली होती, तिच्यामार्फत त्याचा मोबाईल माझ्याशी बोलायचा, मग तो पुण्यात असो की आणखी कुठे. त्यानं शमशादला विचारलं, "काकी, तुम्हाला कोणता नंबर ठेवू? लक्षात राहील असा सांगा."

शमशादनं एका दमात चार आकडे सांगितले.

"हा कसला नंबर?" रतनबाईंनी विचारलं.

"घ्या. आबासाहेबांच्या स्कूटरचा हाय, वैनी. इन्शाला लहानपनी ताप चढला हुता तवा त्याच स्कूटरवर न्हेलं हुतं दवाखान्यात. मी मागं बसून नंबरच बघत हुते."

"मागं बसल्यावर नंबर कसा दिसंल तुला?"

"उतरल्यावर बघितला आसंल. काय वकिली करता वैनी."

दोघी हसल्या. तो नंबर माझ्यात आला. मला सांगायला हवं की त्या दिवशी मला अभिमान वाटला. कारखान्यातल्या मुलीनं माझ्यात नुसते आकडे घातले होते. हा पहिला आकडा होता ज्याच्यामागे कुणीतरी बसलेलं होतं.

पार्थला संध्याकाळची गाडी पकडायची होती. कोडांना नावं द्यायची राहिली. नाव दिलं नाही की मोबाईल आपल्या मनानं नाव देतो. पार्थ झाला 'मालक'. रतनबाई 'पाहुणा १'. भांडी-फरशीला येणारी बनुबाई 'पाहुणा २'. आणि शमशाद 'पाहुणा ३'. नावं नंतर टाकू, असं पार्थ म्हणाला. ज्या घराच्या विटा रतनबाईंनी स्वतः पाणी मारून भिजवल्या, त्या घरात त्या पहिल्या नंबरच्या पाहुण्या झाल्या. त्यांना याचा पत्ताही नव्हता. असता तर हसल्या असत्या.

माझे कामाचे दिवस चांगले गेले. सकाळी बनुबाई यायची. ती आकडे दाबायच्या आधी मला हात जोडायची. का, ते मला माहीत नाही. कदाचित अंगावर दिवा दिसला म्हणून. दुपारी शमशादची बोटं. सुईनं टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं खरखरीत झालेली होती. मी ती ओळखायचो. मित्रांनो, मला बोटं ओळखता येतात, पण ओळख चालत नाही. आकडेच चालतात.

मग इन्शाला दिवस गेले. ती सुरतला सासरी होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलं. तेव्हा शमशादनंच सुरतला जायचं ठरवलं.

जाण्याच्या आदल्या दिवशी ती आली. रतनबाईंच्या मांडीवर पिशवी ओतली. पिशवीत कापडाचे तुकडे. "घ्या. मऊ मऊ निवडून आनल्यात. तुमी दुपटं शिवनार म्हनला हुतात."

"आस्तर म्हनून ह्यांचं धोतर घालते. लई मऊ झालंय धुऊन धुऊन."

"आबासाहेबांचं?"

"मग आनखी कोनाचं?"

शमशादनं ओतलेले तुकडे एकावर एक रचले. मग म्हणाली, "चाळिसाव्याची आंघोळ झाली की घेऊनच येते दोघान्ला. पोर पैल्यांदा तुमच्या मांडीवर. माझं काय, मी रोजचीच नानी."

गेली. नातू झाला. फोनवर दोघी एकदमच बोलत होत्या, त्यामुळे कुणालाच काही कळलं नसावं. रतनबाई दुपारभर दारासमोरच्या खुर्चीत बसून दुपटं शिवायच्या. चष्म्यातून सुई ओवायला वेळ लागायचा. मी आतल्या तोंडानं पाहायचो. मधूनच त्या मला म्हणायच्या, "आता तुला काम न्हाई रे दुपारचं."

त्याच सुमारास मागच्या गल्लीत एका बंद घरात चोरी झाली. पार्थला काळजी वाटली. नळवाला, पंखेवाला, गुडघ्यांचा व्यायाम घ्यायला येणारा मुलगा, अशा कितीतरी जणांचे कोड माझ्यात पडून होते. कोण जाणे त्यातला कुठला कुणाच्या हाती जाईल. दर वेळी आठवणीनं काढायला त्याला सवड नसायची. म्हणून त्यानं मोबाईलमध्ये एक नियम घालून ठेवला. जो कोड तीस दिवस कुणी दाबणार नाही, तो आपोआप पुसला जाईल, आणि तसा निरोप मोबाईलवर येईल. मालकाचा तेवढा वगळून. नियम एकदम चोख होता. मला पाळायलाही सोपा.

पण बाळंतिणीचे दिवस चाळीस असतात, मित्रांनो. नियम लिहिताना ते कुणाच्या मनात आलं नाही. पार्थ काही बाळंतिणींसाठी नियम लिहीत नव्हता.

तिसावा दिवस उलटला तेव्हा पांढऱ्या डबीकडून मला हुकूम आला आणि स्कूटरचा नंबर माझ्यातून गेला. पार्थच्या मोबाईलवर निरोप पडला असणार, 'पाहुणा ३ काढला'. त्याच्या मोबाईलवर दिवसभर असे शेकडो निरोप पडतात. त्यानं बोटानं बाजूला सारला. नाव लिहिलेलं असतं तर ते बोट थांबलं असतं, एवढं मला आजही वाटतं. कारण त्याच मोबाईलमध्ये फोन नंबरांत ती 'शमशाद काकी' होती. माझ्या खात्यात मात्र तिसरा पाहुणा.

शमशाद आली त्या दिवशी घरात कुणी नव्हतं. पार्थ आईला गुडघे दाखवायला पुण्याला घेऊन गेला होता. शमशादला ते ठाऊक नव्हतं. अचानक जाऊन उभं राहायचं म्हणून तिनं फोनही केला नव्हता. सुरतेची गाडी उतरून, घरी पिशव्या टाकून, ती तशीच आली. मागे इन्शा. शमशादच्या एका हातात दुपट्याविना, साध्या फडक्यात गुंडाळलेलं बाळ, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. पुडा तिनं काखेत धरला आणि खरखरीत बोटं माझ्यावर ठेवली.

मला इतका आनंद झाला होता. मी लाल झालो.

"आकडा चुकला आसंल अम्मी," इन्शा म्हणाली.

"ह्यो आकडा मी चुकंन व्हय?" तिनं पुन्हा दाबला, सावकाश, एकेक. लाल. तिसऱ्यांदा तिनं बाळ इन्शाकडे दिलं, पदराला बोट पुसलं आणि दाबलं.

माझा भोंगा वाजला. तो मला थांबवता येत नाही. बाळ दचकून रडायला लागलं, तसं शमशादनं ते परत घेतलं. शेजारच्या घराच्या वरच्या गॅलरीतून कुणी बाईनं वाकून विचारलं, "कोन हाय तिथं? काय पायजे?"

शमशाद म्हणाली, "काय न्हाई." वर्षानुवर्षं ज्या दारातून ती गेली, त्या दारापुढे तिला 'काय पायजे' याचं उत्तर द्यावं लागलं. तिनं पेढ्यांचा पुडा पायरीवर ठेवला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत उचलला. गेली.

संध्याकाळी पार्थ आणि रतनबाई परत आले. पार्थनं माझ्या पाठीवर थाप मारली. "आई, दुपारी दवाखान्यात बोललो नाही, तू घाबरशील म्हणून. कुणीतरी तीनदा चुकीचा कोड दाबला. ह्यानं भोंगा वाजवून हाकललं."

"चोर?"

"दुसरं कोण? बघ, आला की नाही उपयोगी?"

रतनबाईंनी पदरानं माझा चेहरा पुसला. "बाई गं. बरं झालं ह्यो हुता." माझ्या सगळ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते. ते अंगावर घेताना मला काय वाटलं, ते सांगायला मला 'टूं' सुद्धा पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी रतनबाईंनी बनुबाईला सगळं रंगवून सांगितलं. बनुबाई शमशादकडेही भांडी घासायची. तिच्या तोंडून ती गोष्ट गल्ली ओलांडून गेली. मनात काही नसताना गेली.

मग दुपारमागून दुपार जायची. बेल नाही, बोटं नाहीत. बनुबाईकडून कळलंच होतं, शमशाद आली, इन्शा आली, बाळ गोरंपान आहे, जावळ लई आहे. रतनबाई दुपट्याला शेवटचे टाके घालत म्हणायच्या, "येईल. दमली आसंन." मग म्हणायला लागल्या, "नातू झाल्यावर कोन कोनाचं." एकदा त्यांनी फोन केला. वाजून वाजून थांबला. परत केला नाही. मला बाहेरच्या तोंडानं समोरचं दार दिसायचं. दुपारी शमशाद त्या दारात येऊन उभी राहायची, इकडे बघायची, आत जायची. आतल्या तोंडानं रतनबाई दिसायच्या, खुर्चीत, दाराकडे बघत. दोघींच्या मध्ये मीच तेवढा होतो, आणि मला दोन्हीकडचं माहीत होतं. मित्रांनो, इतकं माहीत असणाराला आवाज नसावा, यासारखी शिक्षा नाही.

दुपटं पूर्ण झालं. चौकोनी, भोवती लाल पट्टी. घडी घालून खुर्चीच्या हातावर ठेवलेलं असायचं. बनुबाई म्हणाली, "मी दिऊन यिऊ का?" रतनबाई म्हणाल्या, "तिनं मांडीवर ठिवीन म्हनलं हुतं. तिचं ती बघंल."

एक दिवस समोर गाडी येऊन उभी राहिली. इन्शाचा नवरा तिला न्यायला आला होता. डिकीत पिशव्या जात होत्या. रतनबाईंनी खिडकीतून पाहिलं. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग एकदम दुपटं काखेत घेतलं, काठी घेतली आणि माझ्यातून बाहेर पडल्या. एकट्या. मी या दारावर आल्यापासून त्या एकट्या कधी बाहेर पडल्याच नव्हत्या. दार त्यांच्यामागे आपोआप मिटलं. मी लागलो.

पायऱ्या तीनच, पण त्यांच्या गुडघ्यांना त्या पुष्कळ. फाटकाशी पोचेपर्यंत गाडी सुरू झाली होती. "इन्शा," त्यांनी हाक मारली. गाडीच्या आवाजात ती गेली. काचेतून एक इवलीशी मूठ दिसली असं त्या नंतर सांगायच्या. मला वाटतं, ती त्यांनी मनानंच पाहिली. गाडी वळली.

त्या परत फिरल्या. दार बंद. त्यांनी चष्मा सावरला आणि त्यांचा कोड दाबला. त्यांच्या लग्नाचं साल होतं ते.

लाल.

त्यांचा कोड कधीच पुसला गेला होता. त्या बाहेरच पडत नव्हत्या, तर कोड दाबणार कधी? पार्थबरोबर गेल्या तर पार्थच उघडायचा. 'पाहुणा १ काढला', असाही एक निरोप मोबाईलवर पडून, बोटानं बाजूला सारला गेला होता.

त्यांनी दुसऱ्यांदा दाबला. तिसऱ्यांदा. मी भोंगा वाजवला.

"कोन हाय?" वरच्या गॅलरीतून तोच आवाज.

"मी हाय," रतनबाई म्हणाल्या. "माझ्याच घरात जातीय." मग त्या पायरीवर बसल्या. दुपटं मांडीवर घेतलं.

समोरच्या दारात शमशाद उभी होती. लेकीला निरोप देऊन डोळे पुसत होती. ती गल्ली ओलांडून आली. जरा लांबच उभी राहिली.

"काय झालं वैनी?"

"घेत न्हाई मला."

"कोन?"

रतनबाईंनी काठीनं माझ्याकडे दाखवलं.

शमशादनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला पन न्हाई घेतलं त्यानं."

"कवा?"

"आले त्याच दिवशी. पोराला घिऊन आल्ते. इन्शा बी हुती."

रतनबाईंनी मान वर केली. "म्हंजी, त्यो चोर..."

"मीच ती, वैनी. बनुबाईनं सांगितलं मला भांडी घासता घासता. चोर आल्ता, भोंगा वाजल्यावर पळाला म्हनं." शमशादचा आवाज अगदी सपाट होता. "पळाले न्हाई मी. चालतच गेले. हातात पोर हुतं ना."

"आगं, मग बेल वाजवायची हुतीस."

"बेल? तुमच्या दाराची बेल मी कवा वाजवली, वैनी?"

रतनबाईंनी जरा सरकून पायरीवर जागा केली. शमशाद बसली, पण मधे जागा सोडून. रतनबाई म्हणाल्या, "फोन लाव त्या पार्थ्याला."

शमशादनं स्वतःच्या मोबाईलवरून लावला. पलीकडून पार्थचा आवाज आला, "बोला शमशाद काकी. बाळ कसं आहे?"

"आईशी बोल."

"आई? तू बाहेर आहेस? अगं कोड दाब ना."

"दाबला."

"चुकीचा दाबला असशील."

"मी चुकले आसंन," रतनबाई म्हणाल्या. "शमशाद बी चुकली का?"

पलीकडे त्यानं मोबाईलवर काय काय पाहिलं असेल, ते मला कळतं. पाहुणा एक. पाहुणा तीन. मग तो हळू आवाजात म्हणाला, "थांब आई, उघडतो." आणि पुण्याहून त्यानं बटण दाबलं. मी 'टीं' केलं. हिरवा दिवा लावला. दार सुटलं.

कुणीच उठलं नाही. उघड्या दारापुढे दोघी पायरीवर बसून राहिल्या. शमशादनं दुपट्याची कड बोटांत धरून पाहिली. "हा इन्शाच्या शालूच्या ब्लाऊजचा तुकडा."

"हे ह्यांचं धोतर, आतून."

"पुढच्या खेपंला येतील तवा मोठा झालेला आसंल. मावनार न्हाई ह्याच्यात."

"न्हाई मावला तर न्हाई. घिऊन जा."

शमशादनं दुपटं घेतलं. छातीशी धरलं. पण ती त्या दिवशी आत आली नाही.

शनिवारी पार्थ आला. आधी समोर गेला. शमशादनं त्याला चहा दिला, खायला दिलं, म्हणाली, "तुजी काय चूक बाळा." तो घरी येऊन आईला म्हणाला, "त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं." मग माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसला. तीस दिवसांचा नियम काढून टाकला. एकेका कोडापुढे नाव लिहिलं. आई. बनुबाई. शमशाद काकी. स्कूटरचा नंबर पुन्हा माझ्यात आला.

मित्रांनो, आता माझी गोष्ट संपत आली. शमशाद आताही दुपारी येते. चहा होतो, सीरियल होते, सुरतेच्या बाळाचे फोटो बघून होतात. पण ती बेल वाजवते. रतनबाई पहिल्या पहिल्यांदा म्हणायच्या, "आगं, बेल कशाला? तुजा नंबर हाय की." ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या वैनी. बेलच बरी." आता त्या म्हणत नाहीत. काठी शोधतात आणि उठतात. त्यांना उठायला लागू नये म्हणून मला आणलं होतं.

माझे सेल संपत आले की मी ओरडतो, तेवढी सोय मला दिलेली आहे. बनुबाई ते बदलते आणि हात जोडते. मला अजून बरीच वर्षं काढायची आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी माझ्यासारखं कुलूप येईल, किंवा आलंही असेल. त्याला धुळीत ठेवू नका, सेल वेळेवर बदला, हे तर आहेच. पण त्याच्यात जेव्हा कुणाचा नंबर घालाल, तेव्हा त्या माणसाचं नाव लिहायचा कंटाळा करू नका. आणि कुणाचा नंबर काढायचा असला, तर ते काम आमच्यावर सोपवू नका. आम्ही एका क्षणात करतो. तुम्ही मात्र आधी त्या माणसाच्या घरी जाऊन या. गल्ली ओलांडण्याइतकाच तर वेळ लागतो.

दुपार झाली आहे. बेल वाजली. बाहेरच्या तोंडानं मला शमशाद दिसते आहे, पदर सावरून उभी. आतून रतनबाईंची काठी ठक ठक करत निघाली आहे. त्या दाराशी पोचेपर्यंत वेळ लागेल. तिचा नंबर माझ्यात आहे. तिनं दाबला तर मी लगेच हिरवा होईन. मी तिच्या बोटांकडे बघतो आहे. ती बोटं पदराची कड धरून आहेत.